शुक्रवारचा दोरा

शाळेच्या ग्रुपवर सूचना आली की आजही मी हातातलं काम टाकून आधी ती वाचते. सूचना साधीच असते. उद्या जंताच्या गोळ्या देणार आहेत, मुलांना जेवून पाठवा. गुरुवारी पालकसभा आहे. आधार कार्डाची झेरॉक्स अजून चौघांनी दिलेली नाही. त्याखाली चाळीस जणांचं 'ओके मॅडम' आणि जोडलेले हात. सूचना एका ओळीची आणि ओके दोन पानांचे. त्यातून खरी सूचना उकरून काढायचं काम आमच्या गल्लीत माझ्याकडे होतं.

ते मला कुणी दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं होतं. उस्मानपुऱ्यात आमच्या गल्लीत दहावी झालेली आणि दिवसभर घरी असणारी बाई मी एकटी. घरी शिलाई मशीन आहे. वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायला मलाच बसवतात, कारण माझा आवाज मोठा आहे आणि मी अडखळत नाही. याचा मला तेव्हा जरा माजही होता. मग ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा ज्यांना वाचता येत नाही, अशा चार-पाच बायका शाळेचं सगळं माझ्याकडून वाचून घेऊ लागल्या. पण त्या कामावरून येणार दमून, ऐकलेलं सकाळपर्यंत डोक्यात राहायचं नाही. म्हणून मी दोऱ्याची युक्ती काढली. पोरीच्या दप्तराच्या चेनला दोरा बांधायचा. लाल म्हणजे काहीतरी न्यायचं आहे. निळा म्हणजे आईनं शाळेत जायचं आहे. पिवळा म्हणजे शाळा साडेचारपर्यंत, दोन डबे. पांढरा म्हणजे शाळा लवकर सुटणार, न्यायला लवकर या. दोरा नसेल तर रोजच्यासारखं. पोरींनासुद्धा हे पाठ झालं होतं.

शेजारच्या खोलीत देवगाव रंगारीकडची एक बाई राहायची. नवरा गावाकडे मेंढरांमागे, ही इथं बांधकामावर. काम शाळेच्या मागच्याच रस्त्यावर होतं, त्यामुळे ती मधेच सुटून पोरीला घेऊन यायची आणि कामावर वाळूच्या ढिगाशेजारी बसवायची. तिची पोर आणि माझी पोर दोघी पहिलीत, एकाच वर्गात. ती मला ताई म्हणायची आणि दोऱ्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

स्नेहसंमेलन जवळ आलं तसा रोज सराव सुरू झाला आणि आठ दिवस पिवळाच दोरा चालला. मी त्या दिवसांत बारा पोरींचे पांढरे फ्रॉक शिवत होते. पहिलीच्या पोरी ढग होणार होत्या. गुरुवारी संध्याकाळी सूचना आली: उद्या सराव नाही, मांडव घालायचा आहे, शाळा साडेअकराला सुटेल. माझी पोर तापानं फणफणली होती, चार फ्रॉक बाकी होते आणि शेजारीण अजून कामावरून आली नव्हती. तिची पोर दारात खेळत होती. मी तिचं दप्तर ओढलं आणि पांढरा दोरा शोधला. पांढरं रीळ फ्रॉकांना संपलं होतं. क्रीम कलरचं एक होतं. ट्यूबच्या उजेडात मी ते डोळ्यांजवळ धरलं, मला पांढरंच वाटलं. तुकडा तोडला, बांधला आणि मशीनवर बसले. शेजारीण आली तेव्हा मी पोरीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. सांगायचं राहिलं. दोरा बांधलाय की, असं मनात आलं आणि तेवढ्यावर मी निर्धास्त झाले.

शुक्रवारी माझी पोर घरीच होती, म्हणून मी शाळेकडे गेले नाही. बारा वाजून गेल्यावर एक बाई आपल्या मुलीचा फ्रॉक न्यायला आली. फ्रॉकची घडी घालता घालता म्हणाली, "तुमच्या शेजारणीची पोरगी उभी होती गेटवर. सगळे गेले तरी. आली का न्यायला तिची आई?"

आली असेल, असं मी म्हणाले खरं, पण शेजारची खोली बाहेरून बंद दिसत होती. माझ्या पोरीला त्या बाईजवळ बसवलं आणि चपला घालून पळत सुटले.

शाळेच्या गेटवर कुणी नव्हतं. आत मांडववाले बांबू उतरवत होते. गेटबाहेरच्या पेरूवाल्याला विचारलं, लाल रिबनवाली, एवढीशी पोरगी? तो म्हणाला, "हां आपा, खडी तो थी बहुत देर. फिर मैंने देखा नहीं." शिपाईमावशी म्हणाल्या, "सगळी पोरं गेली. वर्ग मी स्वतः बंद केले." शाळेपासून दहा मिनिटांवर रेल्वेचे रूळ आहेत. त्या आधी चौक आहे, तिथं रिक्षा कुणाला विचारून वळत नाहीत. मला दोन्ही एकदम दिसू लागले. सहा वर्षांची पोर, पाठीवर दप्तर. आईकडेच गेली असेल, मागचाच तर रस्ता, असं स्वतःला बजावत मी बांधकामाकडे निघाले.

शेजारीण खाली घमेलं भरत होती. वाळूच्या ढिगाशेजारी पोरीची बसायची फळी रिकामी होती. मला बघून ती हसली. "काय ओ ताई, इकडं कुठं?"

"पोरगी कुठं आहे गं?"

"शाळंत. साडेचारला जायचं हाय की. पिवळा हाय ना आज."

तेव्हा मला कळलं. ते क्रीम रीळ माझ्या डोळ्यांसमोर आलं. सकाळच्या उन्हात ते कुणालाही पिवळंच दिसलं असतं. मी कसंबसं म्हणाले, शाळा कधीच सुटली, पोरगी गेटवर नाही. तिनं घमेलं टाकलं. पळायला लागली आणि मी तिच्या मागे. तिच्या पायात चपला नव्हत्या.

शाळेत पुन्हा शोधाशोध झाली. संडास पाहिले, मांडवामागे पाहिलं, बाईंच्या खोलीत पाहिलं. शेजारीण गेटपाशीच रस्त्याकडे तोंड करून उभी होती आणि पोरीचं नाव घेत होती, हळू, शेजारी उभी असल्यासारखं. मला तिच्याजवळ जायची भीती वाटत होती. शेवटी मीच शिपाईमावशींना म्हणाले, वर्ग उघडा. त्या म्हणाल्या, रिकामाय हो. तरी उघडा म्हटलं.

कडी काढली. संमेलनाचं सामान आत भरलं होतं, खुर्च्या एकावर एक. त्यांच्या मागे, कोपऱ्यातल्या आपल्या बाकावर ती बसली होती. दप्तर मांडीवर, दोन्ही डबे समोर, झाकणं लावलेली. दीड वाजत आला होता.

मी तिला उचललं तेव्हा तिचा फ्रॉक ओला होता. ती कानात म्हणाली, "मावशी, बाईंना नका सांगू."

"नाही सांगत. तू आत कशाला आलीस बाळा? सगळे गेले ना घरी?"

"माझा पिवळा हाय," ती म्हणाली. "मी गेटवर बघितला. मग परत आले."

"भूक नाही लागली? डबा नाही खाल्लास?"

"घंटाच नाय झाली."

मला रडू आवरलं नाही. सगळी शाळा गेटबाहेर गेली, बाईंनी जा म्हटलं, पण ही दोरा बघून परत फिरली. अंधाऱ्या वर्गात दीड तास घंटेची वाट बघत बसली. बाईंपेक्षा तिनं माझं ऐकलं होतं.

आई आली. तिनं पोरीला घेतलं, छातीशी धरलं, मग चेनचा दोरा बोटात धरून दाराच्या उजेडात नेला. "माझंच चुकलं ताई," ती म्हणाली. "पांढरा असंल. सिमेंटनं डोळे गेले माझे."

इथं मी गप्प राहिले. हे लिहायला जड जातं, पण राहिले. पोर सापडली होती आणि आता मला दुसरीच भीती वाटत होती, की ही पुन्हा मला ताई म्हणणार नाही. तिनं स्वतःवर घेतलं होतं आणि मी ते घेऊ दिलं. घर येईपर्यंत ती आपल्या डोळ्यांना बोल लावत होती. दाराशी आल्यावर मला ते सहन होईना. मी आत गेले, क्रीमचं रीळ आणून तिच्या हातावर ठेवलं आणि सांगितलं, पांढरं संपलं होतं, मी हे बांधलं. तुझे डोळे चांगले आहेत.

तिनं रीळ उलटसुलट करून बघितलं. म्हणाली, "मग तोंडानं सांगायचं ना, ताई." एवढंच. रीळ परत दिलं आणि पोरीचे कपडे बदलायला आत गेली.

त्यानंतर मी दोरे बांधले नाहीत. दार ठोठावून, समोर उभी राहून सूचना सांगायची. संमेलनात तिची पोर ढग झाली. मी खाली बसून नाच नाही, गेटच बघत होते.

आता ती पोर चौथीत आहे आणि फडाफडा वाचते. आईनं मोठा फोन घेतला, ग्रुपवरची सूचना पोरच वाचून दाखवते, आईला आणि गल्लीतल्या बाकीच्यांनाही. माझी गरज राहिलेली नाही. तरी वाचून झालं की ती फोन घेऊन माझ्याकडे येते. "मावशी, तुम्ही पण एकदा वाचा." मी मोठ्यानं वाचते, न अडखळता. ती शेजारी उभी राहते आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत नाही. ओळीवर बोट ठेवून, मी बरोबर वाचते की नाही ते बघते.