खुणेपेक्षा चार बोटं वर

शाळेतल्या शिपायाला सगळी शाळा पुतळाकाका म्हणायची आणि त्याला त्याचं मुळीच वाईट वाटत नसे. हे नाव त्यानं बसून कमावलं होतं. दहावीला चित्रकला विषय घेतलेल्या मुलांना माणूस काढायला शिकवायचं, तर समोर एक माणूस लागतो आणि तो हलता कामा नये. चौदा वर्षांपूर्वी चित्रकलेच्या बाईंनी या गृहस्थाला घंटेजवळून उचलला आणि खुर्चीत बसवला. नाकावर माशी बसली, वरच्या ओठापर्यंत फिरून आली, पण हा आपला ढिम्म. बाई खूश झाल्या. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी चित्रकलेच्या वर्गात त्याचीच वर्णी लागे. दहा मिनिटं बसायचं, उठायचं, पुन्हा दहा मिनिटं बसायचं.

बसण्याचं त्याचं एक शास्त्र होतं. पाठ ताठ, छाती पुढे, हनुवटी वर, हात गुडघ्यांवर. त्याचे वडील उभा जन्म खांदे पाडून आणि मान खाली घालून वावरले होते. आपण तसं दिसायचं नाही, हे त्यानं मिसरूड फुटायच्या आत ठरवून टाकलं होतं. रजिस्टरं वाहताना, फळे पुसताना, हेडसरांच्या दाराबाहेर स्टुलावर बसताना हा माणूस आपण ताठ आहोत याच भरवशावर जगत होता.

गोंधळ व्हायचा तो चित्रं बघताना. अठ्ठावीस मुलं आणि अठ्ठावीस पुतळाकाका. एकात त्याला दोन हनुवट्या, तर एकात एकही नाही. एका मुलीनं त्याला इतका देखणा काढला, की तो कागद मागून घेऊन तो बायकोला दाखवायला घरी गेला. बायकोनं कागद उलटासुलटा करून विचारलं, "कोण हे?" यातला खरा आपण कोणता, हे त्याला चौदा वर्षांत उमगलं नव्हतं. त्यात बाईंचं एक पालुपद होतं. "जे माहीत आहे ते काढू नका रे, जे दिसतंय ते काढा." हे तर त्याच्या डोक्यावरूनच जायचं. एकदा चहाचा कप ठेवता ठेवता त्यानं विचारलंही, "बाई, माहीत असतं तेच दिसतं ना?" बाई म्हणाल्या, "तिथंच तर सगळी मेख आहे, काका." म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानंही पुन्हा विचारलं नाही.

पुढे त्याच्या लेकीनंच दहावीला चित्रकला घेतली. घरात आठवडाभर खडाजंगी झाली. तिच्या मामाचं म्हणणं, भांडी आणि फळं काढून कुणाचं भलं झालंय? शेवटी तह झाला तो असा: चित्रकलेत ऐंशीच्या वर गुण मिळाले तर कला महाविद्यालय, कारण त्याखाली ते दारात उभंच करत नाहीत. नाहीतर मामा म्हणेल तिथं कॉमर्स, आणि मग रडायचं नाही. लेक म्हणाली, "चालेल." तिनं दुसरं काहीच मागितलं नव्हतं, आणि त्यामुळेच बापाचा जीव टांगणीला लागला होता.

परीक्षेतला मोठा भाग समोर बसलेला माणूस काढण्याचा, चाळीस गुणांचा. आता बापच मॉडेल म्हटल्यावर बाईंनी हेडसरांना विचारलं. हेडसर म्हणाले, "मॉडेल बोलत नाही ना? मग अडचण काय?" नियम मात्र कडक होता. खुर्चीत बसलेला मॉडेल कुणा परीक्षार्थीशी बोलला, तर त्या परीक्षार्थीचा पेपर रद्द. यंदा आणखीही एक बदल होता. एरवी दहा-दहा मिनिटांच्या बैठकांत तासाभरात आटपणारा हा पेपर आता दोन तासांचा झाला होता, सलग तास-तासाच्या दोन बैठका आणि मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी. सुट्टीनंतर मॉडेल नेमका पहिल्यासारखाच बसला पाहिजे, म्हणून सुट्टीआधी खुणा करायच्या.

पहिला तास संपत आला तशी बाईंनी खडू घेतला. खुर्चीच्या पायांभोवती आणि त्याच्या बुटांभोवती रेघा मारल्या. मग त्याच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून मागच्या भिंतीवर एक रेघ ओढली. याला गंमत वाटली. शिंप्यानं माप घ्यावं तसं चाललं होतं.

मुलं हात धुवायला बाहेर गेली. हा हात पाठीशी बांधून, नेहमीच्या सवयीनं मुलांच्या चित्रांच्या बोर्डांपुढून फिरू लागला. ताठ, ताठ, ताठ. सत्तावीस कागदांवर सत्तावीस ताठ माणसं, आणि त्याला बरं वाटलं. मग लेकीच्या कागदापाशी तो थबकला.

तिनं काढलेला माणूस वाकलेला होता. पाठ खुर्चीपासून सुटलेली, खांदे ओघळलेले, मान पुढे आलेली, पोटाशी शर्टाला दोन घड्या. हात मात्र हुबेहूब त्याचेच. डाव्या अंगठ्याचं चिरलेलं नखसुद्धा तिनं सोडलं नव्हतं. हात माझे, तर मग ही पाठ कुणाची? तो बघत राहिला. ती पाठ त्याच्या ओळखीची होती. ती त्याच्या वडिलांची होती.

आधी वाटलं, पोरगी गडबडली. मग वाटलं, सत्तावीस मुलं एकीकडे आणि ही एकीकडे, म्हणजे हिचेच गुण जाणार. आणि या दोन्हींच्या तळाशी आणखी काहीतरी खुपत होतं, त्याला नाव देण्याची त्याची तयारी नव्हती. बोलायला बंदी मॉडेलला आहे, बापाला थोडीच आहे, अशी स्वतःची समजूत घालून त्यानं तिला नळापाशी गाठलं.

"पाठ चुकली गं तुझी."

"कशी?"

"अगं, मी ताठ बसतो. सगळ्या शाळेला माहीत आहे. बाकीच्यांनी बघ कसं नीट काढलंय."

ती ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"मी असा दिसतो का गं?" त्यानं विचारलं. विचारताना आवाज जरा चिरकला, तो त्यानं खाकरून सावरला.

तिनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, हात फ्रॉकला पुसले आणि म्हणाली, "नाही बाबा. बदलते मी." आणि आत गेली.

घंटा झाली. हा आपल्या खडूच्या चौकटीत जाऊन बसला. पाठ ताठ, छाती पुढे, हनुवटी वर.

"काका, थोडे खाली या," बाई म्हणाल्या. "डोकं खुणेच्या चार बोटं वर गेलंय."

तो जरासा सैल झाला.

"अजून."

त्यानं श्वास सोडला. पाठ खुर्चीपासून सुटली.

"अजून थोडं. खांदे सोडा. मान येऊ द्या पुढे. हां, बस्! आता हलू नका."

शर्टाला पोटाशी दोन घड्या पडल्या. त्यानं नजर खाली न नेताच त्या ओळखल्या. तासभर आपण असेच बसलो होतो, हे त्याला कळलं. दहा-दहा मिनिटं ताठ राहणं निराळं आणि तासभर निराळं. त्या सत्तावीस जणांनी गुरुवारचा पुतळाकाका काढला होता, त्यांना माहीत असलेला. समोर बसलेला माणूस एकटीनंच पाहिला होता, आणि तीच आता खोडरबर घेऊन त्याची पाठ पुसत होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. बोलावं तर पेपर रद्द. उठावं तर अठ्ठावीस जणांची परीक्षा मोडली. मिठाची गुळणी धरून तो त्या रेघेखाली बसून राहिला आणि मनातल्या मनात ओरडत राहिला, अगं, वर बघ! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं वर पाहिलंसुद्धा. एकदा नाही, चांगलं चार-पाच वेळा पाहिलं. त्याच्या खांद्यांकडे पाहिलं, मागच्या खडूच्या रेघेकडे पाहिलं, त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आणि खाली वाकून शांतपणे ताठ पाठ काढत राहिली. एवढं बघूनही हिला दिसत कसं नाही, हे कोडं त्याला काही सुटेना.

त्यानंतरचा दीड महिना त्यानं चोरासारखा काढला. सांगावं तर पोर हळहळेल, न सांगावं तर आपल्यालाच घास उतरत नाही. रोज सकाळी सांगायचं ठरवायचा आणि रोज रात्री उद्यावर ढकलायचा. कधी वाटे, तपासणाऱ्याला काय कळतंय कोण कसा बसला होता ते. मग आठवे, बाईंनी खुणेवर बसलेल्या मॉडेलचा फोटो काढून पेपरांसोबत पाठवला होता.

निकाल लागला. चित्रकलेत शहात्तर. इतर सगळ्या भागांत वर्गात पहिली, आणि माणसाच्या चित्रात चाळीसपैकी एकवीस. बाईंनी गुणपत्रिका दोनदा वाचली. "मला काही कळतच नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या तासात मी हिच्या मागून गेले होते, काका. कागदावर तुम्ही श्वास घेत होतात."

मामाचा निरोप दुपारीच आला. कॉमर्सचा फॉर्म आणून ठेवला होता. लेक रडली नाही. ठरलंच होतं तसं. ती शाळेच्या जिन्यात पायरीवर बसून गुणपत्रिकेची घडी घालत होती. तो तिच्याशेजारी जाऊन बसला आणि एकदाचं बोलून गेला.

"पहिली पाठच बरोबर होती गं. बाईंनी मला खुणेवर बसवलं तेव्हाच कळलं मला. तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती, आणि नंतर धीर झाला नाही. माझ्यामुळे गेलं तुझं."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"पहिली बरोबर होती ते. नळापाशी होतो तेव्हाही माहीत होतं."

"मग पुसलीस कशाला?"

तिनं कागदाची घडी आणखी एकदा घातली.

"तुम्ही विचारलंत ना, मी असा दिसतो का म्हणून," ती म्हणाली. "मला हो म्हणवेना, बाबा."