परक्या मशीनचा उंबरा

आमच्या साडूंइतका सभ्य माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल, निदान दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरताना तरी. शाहूपुरीतल्या एका खोलीत बसून ते गावोगावच्या मशीनवर सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवतात. मशीन कुठंतरी लांबच्या तालुक्यात, साडू इथं. पण जोडणी व्हायच्या आधी ते पायातल्या चपला काढून टेबलाखाली नीट लावतात आणि फोनवर विचारतात, "येऊ का आत?" पलीकडचा "या" म्हणाल्याशिवाय त्यांचं बोट एंटरवर पडत नाही. एकदा जवळच्याच कसबा बावड्यातल्या एका कारकुनाला हे काही कळेना. तो बिचारा दार उघडून बाहेर बघून आला. मी हसलो तर म्हणाले, "दुसऱ्याचं घर हाय. काम असलं म्हणून घुसायचं व्हय?" सॉफ्टवेअर उतरेपर्यंत गप्प बसणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, त्यामुळे तेवढ्या वेळात पाऊसपाण्यापासून पोरांच्या परीक्षांपर्यंत सगळी चौकशी होते.

असा हा माणूस सख्ख्या धाकट्या भावाच्या घरी सहा वर्षं गेला नव्हता. आईच्या शेवटच्या आजारात उशाशी कोण किती बसलं, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. भावाची इचलकरंजीत यंत्रमागांची शेड. तिथं सर्व्हर बसवायची वेळ आली तेव्हा त्यानं फोन केला तो मला. "पावणं, त्यांना विचारा की, जमतंय का." दुपारी मी शाहूपुरीत जाऊन बसलो. फोनचा स्पीकर चालू, दोघांना एकमेकांचं स्पष्ट ऐकू येतंय, तरी सगळं माझ्यामार्फत. "त्याला सांगा, मशीन बंद करू नको म्हणावं." "चालूच हाय, सांगा त्यांना." साडूंनी चपला काढल्या होत्या. "येऊ का आत" तेवढं मात्र विचारलं नाही.

तासाभरात सगळं बसलं. शेवटी बाहेरून मशीनमध्ये शिरणाऱ्या सगळ्यांना मज्जाव करायचा राहिला. त्याआधी परवानगीच्या यादीत आपलं नाव घालावं लागतं. नवशिके ते विसरतात आणि स्वतःच बाहेर अडकतात. साडू त्यांना यावरून अर्धा अर्धा तास झाडतात. त्या दिवशी त्यांनी एंटर दाबलं आणि स्क्रीन जागच्या जागी थांबली. यादीत नाव घातलंच नव्हतं.

"आता?" मी विचारलं.

"आता हितनं काय न्हाय. तिथं जाऊन मशीनम्होरं बसाय पायजे."

फोनवर नुसता मागांचा खडखडाट. मग भाऊ थेट त्यांच्याशी बोलला, "ये की मग, दादा. जेवायलाच ये."

मी साडूंच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. शेडच्या दारात साडू चपला काढू लागले, तर भाऊ म्हणाला, "राहू दे, सुताचा कचरा हाय." काम पाच मिनिटांचं होतं. मी संध्याकाळच्या एसटीनं परतलो, साडू तिसऱ्या दिवशी आले.

ती चूक खरी होती का, हे मी अजून विचारलेलं नाही. पण एंटर दाबण्याआधी त्यांचं बोट बराच वेळ तसंच वर थांबलं होतं. कुणीतरी "या" म्हणायची वाट बघत असल्यासारखं.