मम्मीने राखून ठेवलेलं आमेन

आधी माफी मागतो. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, ती मोठी माणसं, आयुष्य पाहिलेली. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नाही, म्हणून लिहायचं काम आलं की सगळे माझ्याकडे बघतात. पण लिहिता येतं म्हणजे सांगण्यासारखं काही कळतं असं नाही. तरी लिहितोय. रिपोर्टची वाट बघत बसलेल्या एखाद्याला उपयोग झाला तर बरंच.

ठाण्याच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर मॅडमनी मम्मीच्या मानेवरून बोटं फिरवली. "ह्या गाठी कधीपासून आहेत?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. दुखत नाहीत, आमचे डॉक्टरही साध्याच म्हणाले, म्हणून काही वाटलं नाही."

"ताप येतो? वजन उतरलंय?"

"संध्याकाळी कणकण असते. आणि ब्लाऊज सगळे सैल झालेत."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "दोन शक्यता आहेत. टीबी, नाहीतर लिम्फोमा. तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आणि तू मोबाइलवर शोधत बसू नकोस."

जिना उतरेपर्यंत मी शोधलेलं होतं. आपल्या सगळ्यांच्या अंगात लिम्फ नोड नावाच्या छोट्या गाठी असतात. आजाराशी लढताना त्या सुजतात. लिम्फोमा म्हणजे त्यांचा कॅन्सर.

पहिली तपासणी एफएनएसी. गाठीत बारीक सुई घालून आतल्या पेशी काढतात. इंजेक्शनइतकंच दुखतं, घाबरू नका. त्यात स्पष्ट काही कळलं नाही, म्हणून बायोप्सी. जागा बधिर करून एक गाठच काढतात आणि तपासायला पाठवतात. दुसऱ्या दिवशी मम्मी मानेला पट्टी लावून पाण्याच्या रांगेत उभी. आमच्या दिवा गावात पाणी आलं की मानेचे टाके बघत कोणी बसत नाही.

मला राग होता तो नाक्यावरच्या डॉक्टरांचा. इतके महिने मम्मी त्यांच्याकडे जात होती. "सर्दीच्या गाठी आहेत, उतरतील," असं म्हणून ते दर वेळी गोळ्यांचा रंग तेवढा बदलायचे. कॉलेजमध्ये लेक्चरला बसलो तरी मी मनात त्यांच्या दवाखान्यात उभा असायचो. टेबलावर हात आपटून काय काय बोलायचं ते सगळं पाठ झालेलं. पप्पा तर बोलायचेच बंद झालेले.

आमच्याकडे संध्याकाळी घरची प्रार्थना असते. एकाने मोठ्याने मागायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हटलं की ते मागणं आपलंही झालं. म्हणून मम्मी उगाच आमेन म्हणत नाही.

"आज नाक्यावरच्या डॉक्टरांसाठी प्रार्थना कर," ती मला म्हणाली.

"मला त्यांचं नावपण माहीत नाही."

"देवाला दवाखाना माहीत आहे. कर सुरू."

मी डोळे मिटले. "प्रभू, नाक्यावरच्या डॉक्टरांना अक्कल दे. लवकर दे."

"आमेन!" पप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज एवढा मोठा निघाला.

मम्मीने डोळे उघडले. मग म्हणाली, "ह्याला मी आमेन म्हणणार नाही. हे भांडण आहे, डोळे मिटून केलेलं."

दुसऱ्या दिवशी मागितलं, "माझ्या मनातला राग काढून टाक."

"हे तू तुझ्यासाठी मागितलंस. त्यांच्यासाठी काय?"

रिपोर्ट येत नव्हता. शेजारच्या शिंदेकाकू भाजी घेऊन आल्या, तेव्हा पप्पा टीबीच निघावा म्हणून प्रार्थना करत होते. काकू दारातच थांबल्या. "अगं बाई, तुमच्यात टीबी मागतात देवाकडे?" मम्मीने समजावलं, टीबी गोळ्यांनी बरा होतो, दुसरं जे आहे ते अवघड. काकूंनी वाटी खाली ठेवली. "मग मीपण सांगते माझ्या देवीला. टीबी तर टीबी."

ज्यांच्या मनात असाच कडूपणा साठलाय, त्यांना मी एवढं खात्रीने सांगतो. ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी रोज मोठ्याने काहीतरी चांगलं मागायचं म्हटलं, की त्याच्याकडे नीट बघावं लागतं. मागायला काहीतरी सापडायला हवं ना! मी नाक्यावरून जाता-येता बघायला लागलो. दवाखान्याबाहेर रांग, आत एकटा माणूस, बाजूला झाकण न उघडलेला डबा. त्या संध्याकाळी म्हणालो, "प्रभू, त्यांना जेवायला वेळ मिळू दे. पेशंटकडे बघायला वेळ मिळू दे. पुढच्या कोणाच्या मानेला गाठ असेल तर त्यांना ती ओळखू दे."

तरी मम्मीचं आमेन नाहीच. "मागितलंस छान," ती म्हणाली. "पण त्यांना अजून माहीतच नाही ना, आपल्याला काय झालं ते. कोण सांगणार? देवदूत?"

रिपोर्टच्या दिवशी माझी कल्याणला परीक्षा होती. मम्मी-पप्पा हॉस्पिटलला गेले. पेपर देऊन लोकलमधून उतरलो तो सरळ नाक्यावरच्या दवाखान्यात. रांगेत बसलो. पाठ केलेलं भाषण आठवायचा प्रयत्न केला, आठवेना.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काही नाही. माझ्या मम्मीच्या मानेला गाठी होत्या. तुम्ही गोळ्या दिलेल्या." मग मी सगळं सांगितलं. आवाज चढला नाही. "दुसऱ्या कोणाला अशा गाठी असल्या तर लवकर तपासायला पाठवा, एवढंच सांगायला आलोय."

त्यांनी चष्मा काढला. "आठवतायत मला त्या. तेव्हाच पाठवायला हवं होतं मी." मग त्यांनी विचारलं, "रिपोर्ट काय आला?"

"आज मिळणार आहे."

तेवढ्यात फोन वाजला. पप्पा इतक्या जोरात ओरडले की बाकावरच्या लोकांनाही ऐकू गेलं. "टीबी निघाला रे! टीबी! कॅन्सर नाही! सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही म्हणाल्या मॅडम!"

बाकावरच्या आजीने पदर नाकाला लावला. "टीबी झाला नि हसतोस काय रे मेल्या?"

"गाठीचा आहे आजी, खोकल्यातून लागत नाही," डॉक्टरच म्हणाले. तेही हसत होते.

फोन मम्मीने घेतला. "कुठे आहेस तू?"

"नाक्यावर. डॉक्टरांना सांगायला आलेलो."

मागे हॉस्पिटलचा गलका ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आमेन."