चार हजार पावलांचा रनवे

आमच्या गोदामातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. ते आपोआप साठत गेले. आजही आम्ही तिघं भेटलो, की चहा यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "ते बेटांचं प्रकरण आठवतंय?" मग खलास! चहा गार होतो.

तिघं म्हणजे मी, दाभोळकर सर आणि गुल खान. दुबईत अल क्वोजमध्ये मदतसाहित्याचं गोदाम होतं. जगात कुठेही आपत्ती आली, की तंबू, औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या इथून विमानानं जायच्या. दाभोळकर सर पुण्याचे, आमचे मॅनेजर. मी वैदेही, कोऑर्डिनेटर. गुल खान पेशावरकडचा. फोर्कलिफ्ट आणि सगळा माल त्याच्या ताब्यात. मंदी आली आणि अकरा जणांच्या स्टाफमधले आम्ही तिघंच उरलो. नेमकी तेव्हाच पॅसिफिकमधल्या छोट्या बेटांवर त्सुनामी आली!

*

बातमी आली तेव्हा मी शारजाहून निघून जॅममध्ये अडकले होते. नवरा गाडी चालवत होता. सरांचा फोन.

"वैदेही, उद्या दुपारी विमान सुटायला हवं. कुठे आहेस?"

"सर, अल नाहदा. गाडी हलतच नाहीये!"

मग मांडीवर वही घेतली आणि तिथूनच सुरुवात केली. विमान कंपनी, कस्टम्स, ट्रकवाले, बेटांवरचं आरोग्य खातं. प्रत्येकजण म्हणत होता, "इन्शाल्ला, मॅडम." मी म्हणत होते, "इन्शाल्ला नको, वेळ सांगा!" दोन तासांनी ऑफिसात पोचले तेव्हा निम्मी कामं उरकली होती.

सरांनी वही चाळली आणि म्हणाले, "उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस. जॅममध्येच बसत जा!"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, की मिळणारं विमान ठरल्यापेक्षा लहान आहे. म्हणजे पंधरा टन माल इथेच ठेवायचा. पण कुठला? मी म्हणत होते तंबू हवेत, सर म्हणत होते सगळंच हवं. घड्याळ पुढे सरकत होतं. आमचे आवाज चढले.

गुल खान फोर्कलिफ्टवरून उतरला. त्याच्या गावात भूकंप झाला होता, घर गेलं होतं. एरवी तो त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

"साहब, तंबू दूसरे हवाई जहाज से भेजो. आदमी चार दिन पेड़ के नीचे सो जाएगा. पानी बिना चार दिन नहीं निकलते."

सरांनी मान हलवली. तंबू उतरले. मग गुल खाननं जाड लोकरी ब्लँकेट्सच्या गठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

"और ये किसने लिखा? उधर तो गरमी है!" आणि जरा थांबून म्हणाला, "हमारे गाँव में बर्फ़ पड़ी थी, तब मच्छरदानी आई थी. हमारे कंबल अब मिले!"

*

माल चढला. कॅप्टन मात्र अडून बसला. बेटावरचा रनवे पाण्याखाली गेला होता म्हणे. तो मोकळा आहे की नाही, हे कळल्याशिवाय तो निघणार नव्हता. तिथल्या टॉवरचे फोन बंद. फक्त आरोग्य खात्याच्या सिना नावाच्या बाईंकडे सॅटेलाइट फोन होता. ही सिना आमची बेटावरची एकमेव माणूस.

मी विचारलं, "रनवेचं काही कळेल का?"

"थांबा, बघून येते," म्हणाली आणि फोन ठेवला.

एक तास गेला. सर येरझाऱ्या घालत होते. अखेर फोन वाजला. सिनाला धाप लागली होती.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पत्रे पडले होते आणि एक होडी होती. गावातल्या बायकांनी ओढून बाजूला केलं. चार हजार पावलं भरली. पण माझी पावलं छोटी आहेत!"

पाठोपाठ तिच्याच फोनवरून तिथल्या एका इंजिनिअरनं दुजोराही दिला. तरी कॅप्टननं कपाळाला आठ्या घातल्या, "पहिला रिपोर्ट सर्टिफाइड होता का?"

गुल खान म्हणाला, "साहब, पैदल चलके दिया है! और कितना सर्टिफाइड चाहिए?" कॅप्टन हसला आणि विमान सुटलं.

*

मग अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतून फडके काकूंचा फोन. तिथल्या मराठी मंडळींनी ट्रकभर कपडे जमवले होते. त्यात शालू आणि एक शेरवानी! सर म्हणाले, "काकू, कपडे नकोत. माणसं द्या. शुक्रवारी सकाळी आठला."

साठ जण आले. साबण, टॉवेल, सॅनिटरी पॅड यांचे डबे भरायचे होते. मुलंही होती. एक चिमुरडी सरांना म्हणाली, "अंकल, इफ द वेव्ह कम्स हिअर, हू विल पॅक फॉर अस?" सरांनी तिला आपल्या शेजारी डबे भरायला बसवलं.

सगळ्यात जास्त डबे देशमुखांनी भरले. बँकेत व्हाइस प्रेसिडेंट होते; रविवारी नोकरी गेली होती. जाताना मी आभार मानले, तर म्हणाले, "अहो, आभार कसले! या आठवड्यात मला 'आठला या' म्हणणारे तुम्ही पहिलेच!"

*

दुसरं विमान तंबूंचं. घराघराची यादी हवी होती, कारण तंबू दोन मापांचे होते: दोन माणसांचा आणि पाच माणसांचा. सिना फोनवरून नावं सांगत होती, मी लिहीत होते. स्पीकर चालू होता. सर समोर बसले होते, गुल खान दारात उभा.

एकसष्ट घरं झाली. सिना थांबली.

मी म्हटलं, "आणि तुमचं घर? लिहायचं राहिलं."

"हो, राहिलंच."

"किती माणसं?"

मी पेन रकान्यावर टेकवलं.

"पाच," ती म्हणाली.

सरांच्या हातात तिथल्या सरकारनं सकाळी पाठवलेली बेपत्ता लोकांची यादी होती. त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. एका ओळीवर बोट ठेवलं. सिनाचं आडनाव. खाली तिच्या घरातली तीन नावं.

दहा दिवस ती आमच्याशी बोलत होती. याबद्दल एका शब्दानं बोलली नव्हती.

दाभोळकर सर म्हणजे यादीत एक खोकं जास्त झालं तरी ओरडणारा माणूस. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात स्वतः पाच लिहिलं.

गुल खान मागे वळला. आतून फोर्कलिफ्ट सुरू झाल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, "सिना, पाच माणसांचा तंबू पाठवतोय. पाच चटयांसह."

"हो," ती म्हणाली. "दार समुद्राकडे करून लावीन."