दिवस मावळायच्या आत

सूर्याशी जन्मभर शर्यत लावलेला माणूस अख्ख्या सीमाभागात एकच, आणि तो नेमका निपाणीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहायचा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. दिवस मावळायच्या आत जेवणं ही आम्हा जैनांच्या गल्लीत नवलाई नव्हे. पण अण्णांची आई त्यांच्याशिवाय कुणाच्या हातचं खायची नाही. त्यामुळे अण्णांचं जग उन्हाळ्यात बेळगावपर्यंत पसरायचं आणि थंडीत संकेश्वरला आटपायचं. कोल्हापुरात भाच्याच्या लग्नाला मुहूर्त लांबला, तेव्हा अंतरपाट धरण्याआधीच सगळ्या अक्षता टाकून ते एसटी स्टँडकडे पळाले होते. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले, तिथेही पोह्यांपेक्षा घड्याळाकडेच जास्त बघत बसले. मुलीकडच्यांनी नकार कळवला आणि अण्णा बिनलग्नाचे राहिले ते कायमचेच. त्यांची हौस एकच होती, समुद्रात सूर्य बुडताना बघायची.

"फोटोत बघा की," मी म्हणायचो.

"फोटोत बुडत न्हाय त्यो. तितंच थांबतोय."

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेरा दिवस कळ काढून मी म्हणालो, "अण्णा, आता सुटलासा. मालवणला जावा." ते ताट पुसत होते. "ती जेवल्याबिगर कसा जाऊ रं?" मेलेल्याला वाढायची रीत आपल्यात नाही, असं बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, पंडितांनी परोपरीनं समजावलं. अण्णांनी मान डोलावली आणि संध्याकाळी आतल्या खोलीत ताट ठेवून दार ओढून घेतलं. मला वाटायचं, आई हे निमित्त. माणूस मोकळं व्हायलाच भितोय. मांजर खातं, असंही मी सांगून पाहिलं. पण जेवून झाल्यावर ताटात पाणी ओतून, ते धुऊन, पाणी पिऊन टाकायची आईची जुनी सवय होती. आणि ताट बाहेर यायचं ते लख्ख, ओलं. असलं मांजर आमच्या गल्लीत तरी नाही.

गेल्या थंडीत भल्या सकाळी अण्णा पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले. काचबिंदूनं नजर निम्मी गेली होती आणि उरलेलीही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "चार दिस तू वाढ. वाढलं की दार लाव, पाठ करून बस. वळू नगंस."

संध्याकाळी ताट आत ठेवून, दार लावून मी तसाच बसलो. ऊन भिंतीवरून उतरलं. आत काहीच हललं नाही. तेवढ्यात फोन आला. मागं लाटांचा आवाज.

"बुडाय लागलाय रं! आई जेवली?"

नाही म्हटलं असतं, तर हा माणूस सूर्य अर्धा टाकून स्टँडकडे पळाला असता. मी धडधडीत खोटं बोललो. "व्हय, जेवली."

"मग बघतो निवांत."

आणि माझ्या पाठीमागे, बंद दाराआड, कुणीतरी ताटात पाणी ओतलं.

त्याला आता पावसाळा उलटून गेला. अण्णा आलेच नाहीत. नजर पुरती गेली, पण रोज किनाऱ्यावर बसतात. "दिसत न्हाय, पर बुडाला की अंगाला कळतंय," म्हणतात. मला त्यांचा रागही येतो आणि आठवणही फार येते. परवा पुण्याहून लेकीचा फोन होता, "बाबा, बाळाला बघायला कधी येणार? राहायलाच या." येतो म्हणालो. मग घड्याळ बघितलं आणि तांदूळ धुवायला उठलो.