पुठ्ठ्याच्या आड

शाळेच्या वर्गात मतदानाची रांग संथपणे सरकत होती. माझ्या पुढे असलेल्या आमच्या शेजारच्या काकू मतदान यंत्राभोवतीच्या पुठ्ठ्याआड गेल्या आणि यंत्राचा आवाज काही येईना.

"काकू, बटण दाबा," अधिकारी म्हणाले.

"दाबते हो. यातला एक तरी घरी जेवायला बोलवावा असा आहे का, ते बघतेय."

सगळे हसले. मग आवाज आला, आणि काकू कुणाकडे न बघता निघून गेल्या.

माझी पाळी आली. यंत्रावरची माणसं तीच होती, फक्त त्यांची चिन्हं बदललेली. पूर्वी इथे उभं राहिलं की छातीत थोडं धडधडायचं. आता नुसते पाय दुखत होते. बराच वेळ उभी राहिले आणि शेवटी एक बटण दाबलं.

बाहेर नवऱ्याने विचारलं, "कुणाला दिलंस?"

"उरकलं," मी म्हणाले.