जेवून जा म्हणणारी दुर्गाबाई

चिंचवड स्टेशनामागं कोंडाजी टांगेवाल्याचं घर होतं, आणि त्या घरात कोंडाजीचं काही चालत नसे. चालायचं ते त्याच्या बायकोचं, दुर्गाबाईचं. दारातून कुणी उपाशी गेलं की तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. वाटणीसाठी भांडायला आलेल्या दिराला तिनं आधी पिठलं वाढलं, मग भांडू दिलं. पोट भरलं की माणूस मऊ भांडतो, असं तिचं म्हणणं.

छप्पन्न सालच्या जुलैत मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी चिंचवडला अडकली. पावसानं पुढं रुळाखालची खडी वाहून गेली होती. उतारू करवादत उतरले न् सडकेकडं निघाले. फलाटावर उरला तो एकटा मालोजी नावाचा पोरगा. अंगात कोट, पायात बूट, हाताशी पत्र्याची ट्रंक.

भाडं बघायला फलाटावर आलेल्या कोंडाजीला वाटलं, कुणी साहेब असेल. पण हा साहेब मराठी बोलला, तेही कोंडाजीच्या आज्यासारखं जुनं. त्याचा पणजा रत्नागिरीकडून मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेलेला. पोरगा जन्मला तिकडंच, आणि आता पुण्याच्या कॉलेजात शिकायला आलेला. बोट चार दिवस उशिरा लागली. आज पाचच्या आत कॉलेजच्या खिडकीत कागद पोचले नाहीत, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"मामा, कसा पोचू?" त्यानं हात जोडले.

"रेल्वेचं तर तू बगतोयस," कोंडाजी म्हणाला. "टांगा दापोडीच्या पुलापातुर. पुढं पुण्याचा बिल्ला लागतो, त्यो माज्याकडं न्हाई. पर तीनला यष्टी हाय. आमच्या घराच्या कोपऱ्यावरच थांबती. चल."

पाऊस होता म्हणून त्यानं पोराला घरात घेतलं. तिथंच चुकलं.

"कवा जेवलास रं?" दुर्गाबाईनं विचारलं.

"काल. बोटीवर."

"काल?" तिनं ताटच मांडलं.

"अगं, यष्टी..." कोंडाजी म्हणाला.

"तीनची हाय न्हवं? अजून पाव तास हाय. तुमी घड्याळ बगा, मी पोराकडं बगते."

पोरगा खरंच भुकेला होता. एक भाकरी झाली. तो उठायला लागला, तर हिनं अर्धी आणखी टाकली. "येवढ्यानं काय पोट फुटतंय?"

तेवढ्यात बाहेर घरघर झाली. हात न धुता मालोजी धावला. रेल्वेतून उतरलेल्या लोकांनी यष्टी गच्च भरली होती, आणि भरली म्हणून ती वेळेआधीच सुटली होती. आधी येऊन उभा असता, तर हाही आत बसला असता. तो चिखलात उभा राहून गाडीची पाठ बघत राहिला. मागं दुर्गाबाईच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच.

कोंडाजीनं टांगा जुंपला. दुर्गाबाई न विचारता मागं चढली. घोडी सकाळीच चाकणचं भाडं करून आलेली, तिच्यात जीव नव्हता. दापोडीच्या पुलावर पुण्याचा एकही टांगा मिळेना, सगळे भरून गेलेले. पोलिसानं कोंडाजीच्या घोडीचा लगाम धरला. "पुढं गेलास तर परवाना जाईल बघ." कोंडाजीनं पाय धरले, उपयोग झाला नाही.

दुर्गाबाई खाली उतरली, लुगडं खोचलं, ट्रंक डोक्यावर घेतली. "चल. भाजी घेऊन जाते मी पुण्यात, वाट ठावी हाय."

"आये, मना द्या ती."

"तू नुसता पळ. बोलू नगंस, दम जातो."

अख्खी खडकी त्यांनी पळत, धापा टाकत ओलांडली. वाटेत पोरगा एवढंच म्हणाला, "मना सोडायला समदा मळा बंदरावर आल्ता." तिनं डोक्यावरची ट्रंक सावरली न् पाय आणखी उचलला.

पोचले तेव्हा खिडकी बंद होती. कारकून सायकल काढत होता. दुर्गाबाईनं ट्रंक टाकून सायकलचा दांडाच धरला. "सायेब, ह्यो वक्ताला व्हता. मीच जेवाया बसीवला. चूक माजी हाय."

"बाई, पाचला यादी लागली. याची जागा गेली. आता पुढच्या जूनला."

"मग माज्या नावानं ल्हिवा की तसं!"

"काय लिहू? भाकरीपायी उशीर झाला?"

"व्हय, तसंच ल्हिवा!"

कारकून हसला असता तर तिला भांडता आलं असतं. तो हसला नाही. सायकल हलकेच सोडवून घेऊन गेला.

परत दापोडीपर्यंत चालत, तिथून थांबून राहिलेल्या कोंडाजीच्या टांग्यानं, ती दोघं रात्र पडल्यावर घरी आली. मालोजी भिंतीला टेकून बसला. घरी तार करायची तर त्यात लिहायचं काय, हे त्याला सुचेना. दुर्गाबाईनं चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, ताट वाढलं, आणि ताट हातात धरून चुलीपाशीच उभी राहिली. सगळ्या गावाला जेव म्हणणारी ती बाई, त्या दिवशी तिला तो शब्द तोंडातून काढता येईना.

शेवटी मालोजीनंच ताटासाठी हात पुढं केला. "आण, आये. आता मना कंची गाडी धरायचीय?"